पाऊस कुणाच्या बाजूने मोजायचा?

पालखी दिवे घाट चढू लागली की पाऊस येतोच, असं आमच्या दिंडीतले पखवाजवाले मामा पुण्यापासून सांगत होते. घाटाच्या मध्यावर खरोखरच भुरभुर सुरू झाली. मामा काही बोलले नाहीत, नुसते वळून प्राध्यापकांकडे बघून हसले. प्राध्यापकांनी प्लास्टिकचा कागद डोक्यावर ओढला आणि म्हणाले, "मामा, पावसाळ्यात पाऊस पडला. यात माउलींनी काय केलं?"

प्राध्यापक जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलेले, देवाचं नाव काढलं की भुवया चढवणारे. वारी एकदा आतून बघायची म्हणून आलेले. मी या दोघांच्या मधे चालायचो, आणि ते माझ्या स्वभावालाही धरूनच होतं. गळ्यात माळ नाही, पण पाय आषाढात घरी थांबत नाहीत. नोकरीत असताना आमच्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाची नोंद माझ्याकडे होती. सकाळी साडेआठला पाणी मोजपात्रात ओतायचं, आकडा लिहायचा. त्यामुळे 'पाऊस आला' असं कुणी म्हटलं की माझ्या तोंडून आधी निघतं, "किती?"

हा प्रश्न मामांना आवडत नसे. हवामान खातं 24 तासांत किमान 2.5 मिलिमीटर पडला तरच तो पावसाचा दिवस धरतं. मामांना चार थेंब पुरत. आणि दिवस अगदीच कोरडा गेला, तर "आज माउलींनी उन्हात परीक्षा घेतली." म्हणजे मामांच्या हिशेबात पाऊस पडला तरी माउली, नाही पडला तरी माउली.

सासवडला पालखीचा मुक्काम जास्त असतो, त्यामुळे तिथे भांडायला निवांत वेळ मिळाला. मी वहीच्या पानावर उभी-आडवी रेघ मारून चार घरं केली. पालखी चालली आणि पाऊस आला, या घरातल्या गोष्टी सगळ्यांना तोंडपाठ होत्या. बाकीची घरं भरायला मात्र डोकं खाजवावं लागलं. 2023 ची आठवण मीच काढली. त्या वर्षी प्रस्थान 11 जूनला होतं आणि मोसमी पाऊस कोकणात येऊन अडकला होता. पालखी पार सोलापूर जिल्ह्यात पोचेपर्यंत पुण्यातही तो रीतसर दाखल झाला नव्हता. धुळीने घसे बसले होते. मामा त्या वारीत होते, पण पावसाच्या गोष्टीत ते वर्ष कधी यायचंच नाही. उलट 2020 साली पालखी पायी निघालीच नाही, पादुका एसटीने गेल्या, आणि देशात पाऊस सरासरीहून जास्त झाला. त्यात तिथी आणि मोसम एका तालात चालत नाहीत. 2023 ची आषाढी 29 जूनला, 2015 ची थेट 27 जुलैला. प्रस्थान महिनाभर मागेपुढे झालं तर पावसाचा संभव तोच कसा राहील? पुण्याच्या बाजूला आलेला पाऊस फार काही सांगत नाही. विचारायचंच असेल तर नीरा ओलांडल्यावरचं विचारा. लोणंद, फलटण, माळशिरस हा पर्जन्यछायेचा मुलूख.

प्राध्यापक खूश झाले. त्यांना वाटलं, वही त्यांच्या बाजूची आहे.

वाल्ह्याच्या मुक्कामात त्यांनी राहुटीत खेळ मांडला. 2, 4, 6 हे आकडे एका नियमात बसतात. तुम्ही दुसरे तीन आकडे सांगा, मी 'बसतात' किंवा 'नाही' म्हणतो, मग नियम ओळखा. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने 1960 साली छापलेला हा प्रयोग. लोक 8, 10, 12 म्हणतात, 20, 22, 24 म्हणतात, प्रत्येकदा 'बसतात' ऐकतात आणि 'दोन-दोनने वाढ' असं छातीठोक सांगतात. नियम असतो फक्त चढते आकडे. आपला अंदाज मोडेल असे आकडे विचारल्याशिवाय तो सापडत नाही, आणि तेच कुणी विचारत नाही. राहुटीतले माळकरी एकामागून एक फसले. प्राध्यापक माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "श्रद्धेने डोकं असं होतं."

"स्टाफरूममध्ये खेळून पाहिलात का हा?" मी विचारलं.

पाहिला नव्हता. वेसनने तो खेळवला ते कॉलेजातले विद्यार्थी होते आणि त्यातलेही बहुतेक पहिल्या फटक्यात चुकले होते, हे त्यांना माहीत होतं. फक्त त्या वेळी आठवलं नाही. जेजुरीत त्यांचं पाकीट मारलं गेलं होतं आणि ते 'भाविकांच्या गर्दीत चोर' या मथळ्याखाली भेटेल त्याला ऐकवत होते. त्याच दुपारी त्यांची विसरलेली छत्री घेऊन एक पोरगा मागून धावत आला होता, ते त्यांनी एकदाही सांगितलं नाही. गाथेचंही तसंच. नवसाने पोरं होत असतील तर नवरा कशाला, असं विचारणारे तुकोबा प्राध्यापकांचे; हाताला धरून चालवणाऱ्या देवाचे तुकोबा मामांचे. सुमारे साडेचार हजार अभंगांत प्रत्येकाला आपल्या मापाचे पाच-दहा मिळतातच.

तरडगावच्या अलीकडे पुढच्या दिंडीतला एक माणूस उन्हाने कोसळला. तोंडाला फेस, डोळे वर. पोरांनी हात धरून कडं केलं, कुणी तरी उपरणं भिजवून छातीवर टाकलं, 108 ची गाडी गर्दीतून वाट काढत आली. संध्याकाळी निरोप आला, माणूस शुद्धीवर आहे.

"माउलींनी वाचवला," मामा म्हणाले.

"डॉक्टरांनी," प्राध्यापक म्हणाले.

मी दोघांनाही एकच विचारलं: तो वाचला नसता तर तुम्ही आत्ता काय म्हणाला असता? मामांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "भाग्याचा, पंढरीच्या वाटेवर गेला." प्राध्यापक जरा थांबून म्हणाले, "मी म्हटलं असतं, आता कुठाय तुमचा देव?" माणूस जगो वा मरो, वाक्यं दोघांकडे आधीपासून तयार होती. त्या रात्री मला वाद घालावासा वाटेना. मामांची वारी पावसावर किंवा त्या माणसाच्या जगण्यावर उभी नव्हती. आजोबांपासूनचा नेम होता तो. प्राध्यापकांचा नकारही मारलेल्या पाकिटावर उभा नव्हता. ज्याच्यावर आपलं काही अडलेलं नाही तोच पुरावा माणसं इतक्या हिरिरीने गोळा का करतात, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

मुक्कामी समाजआरतीला सगळ्या दिंड्या उभ्या राहतात. टाळमृदंगाचा कल्लोळ चालू असतो. चोपदार दंड उंचावतो, 'हो' म्हणून आरोळी देतो आणि एवढा मोठा तळ क्षणात गप्प होतो. पण ज्या दिंडीची तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही, वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जाऊन तिचं म्हणणं ऐकतो. फलटणला आम्ही आरतीतून परतताना प्राध्यापक म्हणाले, "हे आमच्या विद्यापीठाच्या सभेत पाहिजे." मी म्हटलं, विद्यापीठाचं राहू द्या, आपल्या वहीपासून सुरू करू.

तेव्हापासून नियम केला. रोजच्या नोंदीवर उलट बाजूने बोलायचं, आणि तेही मनापासून. कोरड्या दिवशी मामांनी सांगायचं की यावरून माउलींच्या पावसाचं काय होतं. कुणी निरपेक्ष मदत केली की प्राध्यापकांनी सांगायचं की श्रद्धेचा यात वाटा का असू शकतो. प्राध्यापक अडखळायचे, तीन वाक्यांत 'पण'वर यायचे. मामा मात्र रंगले. बरडला त्यांनी पावसाच्या गोष्टीची अशी चिरफाड केली की पलीकडच्या राहुटीतल्या बायका ऐकायला आल्या. दुसऱ्या दिवशी ढग दिसताच पखवाजावर थाप मारून ते पुन्हा "बघा" म्हणाले, तो भाग वेगळा.

आणखी एक ठरवलं, आणि ते आधी ठरवायला हवं होतं: काय मोजायचं ते ढग दिसण्यापूर्वी लिहायचं. शिंतोडे म्हणजे पाऊस नाही. मदत मोजायची तर नाकारलेलीही मोजायची. लिहिताना दोघांनीही खूप घासाघीस केली, कारण एकदा लिहिलं की सुटका नव्हती.

तरीही वेळापूरच्या पानावर वाद झालाच. पहाटे राहुटीवर टपटप वाजलं. मामांनी 'पाऊस' लिहिलं, प्राध्यापकांनी त्याखाली 'शिंतोडे'. आमच्याकडे मोजपात्र नव्हतं. शेवटी त्या मंडळाच्या पर्जन्यमापकाचा त्या दिवसाचा आकडा येईल तो मान्य, असं लिहून दोघांनी वाखरीच्या तळावर सह्या केल्या. आकडा मागवायचं काम माझ्याकडे आहे. मामांनी सही केल्यावर विचारलं, "पण ते यंत्र झाडाखाली तर नसेल ना?" आणि प्राध्यापक म्हणाले, "हो, तेही बघून घ्या."