उशीवरचा पिवळा डाग

लहानपणी विहिरीत पोहून आलो की चार दिवसांत माझा उजवा कान वाहायला लागायचा. उशीवर पिवळा डाग. आई लसूण घालून तेल कोमट करायची आणि दोन थेंब कानात सोडायची. कान दुखत मात्र नव्हता, आणि तिथंच फसलो. दुखला असता तर कुणीतरी दवाखान्यात नेलंच असतं.

कमी ऐकू येतंय हे मला चौतिसाव्या वर्षापर्यंत कळलं नव्हतं. फोन कायम डाव्या कानाला. एसटीत खिडकी उजवीकडं येईल अशीच जागा धरायची. बायकोला वाटायचं, मी मुद्दाम दुर्लक्ष करतो. मलाही कधीकधी तसंच वाटायचं!

एका पावसाळ्यात सर्दीनंतर कान वाहायचा थांबेना, तेव्हा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडं गेलो. दुर्बिणीतून बघून ते म्हणाले, पडद्याच्या मधोमध मसुरीएवढं भोक आहे. लसणाचं तेल ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

मग त्यांनी एक लोखंडी चिमटा हातावर आपटून माझ्या कपाळावर टेकवला. "कुठल्या कानात वाजतंय?" उजव्या! म्हणजे बिघडलेल्याच कानात जोरात. मला वाटलं, चुकीचं उत्तर दिलं. पण बरोबर होतं. कानाची नस शाबूत असली आणि आवाजाची वाट पडद्यापाशी अडली, तर हाडातून येणारा आवाज त्याच कानात मोठा लागतो. एका कानात बोट घालून हुंकार देऊन बघा, आवाज त्याच बाजूला सरकतो.

चाचणीच्या कागदावर तेच दिसलं. उजव्या कानाला हवेतून येणारा आवाज 40 डेसिबलच्या आसपास ऐकू येत होता, हाडातून 10 ला; आकडा जितका कमी, तितकं ऐकणं चांगलं. मधलं 30 डेसिबलचं अंतर म्हणजे पडद्याचं कर्ज. पडदा रिकिबीच्या, म्हणजे कानातल्या सगळ्यात आतल्या हाडाच्या, तळापेक्षा साधारण 17 पट मोठा असतो, तो आवाज गोळा करून त्या इवल्या हाडावर एकवटतो. भोक पडलं की ते बळ घटतं.

आधी कान सहा आठवडे कोरडा ठेवायचा. अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस, पोहणं बंद. मग कानामागं चीर देऊन, कानशिलाच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून त्याचं ठिगळ लावलं. फक्त जागा बधिर केली होती, त्यामुळं सगळं ऐकू येत होतं. रक्त ओढणारी नळी कानात फिरली की डोक्यात पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं वाटायचं, आणि गरगरायचं. हातोडी, ऐरण, रिकीब ही कानातली तिन्ही हाडं हलताहेत असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा कुठं जीव भांड्यात पडला.

टाके सातव्या दिवशी निघाले. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची. आत औषधी बोळा होता म्हणून पहिले काही आठवडे आधीपेक्षाही कमी ऐकू यायचं. पैसे पाण्यात गेले असं वाटलं, पण बायकोला बोललो नाही. तीन महिन्यांनी चाचणीत 25 आलं. पूर्ण नाही, पण कुजबुज कळते.

गेल्या महिन्यात भाच्याचा कान ठणकायला लागला, तर आईनं लसूण सोलायला घेतला. मी वाटी काढून घेतली आणि पोराला डॉक्टरांकडं नेलं. पडदा ठणठणीत, नुसता मळ घट्ट बसला होता. तो मऊ व्हावा म्हणून त्यांनी थेंब लिहून दिले.

"बघ," आई म्हणाली, "माझ्या तेलानंच सुटला असता."