खुर्चीच्या चार पायांचे डाग

पक्क्या जमिनीवर धुम्मस, म्हणजे जमीन ठोकायचं दांड्याचं जड अवजार, पडली की आवाज बसका येतो, धप्. मुलुंड पूर्वेच्या त्या परसदारी सकाळी अकराच्या सुमाराला तो आवाज एकदम बदलला. ढम्म. रिकाम्या पिंपावर मूठ मारावी तसा. मिस्त्रींनी धुम्मस बाजूला टेकवली. मी म्हटलं, "परत मारा बरं, हळू." त्यांनी मारली नाही. "ताई, आधी सगळ्यांना मागं घ्या," म्हणाले.

मी चौदा वर्षं मुंबईत छोटी सिव्हिल कामं घेते. गळती, प्लास्टर, बाथरूम हे रोजचं. अंगणाचं काम वर्षातून एखादंच येतं, कारण अंगणंच फार उरली नाहीत. म्हणून आलं की मी ते मनापासून करते. हे घर मिठागर रोडच्या बाजूचं, तळमजला आणि वर एक मजला. मागे वीस बाय चौदा फुटांची जागा, पेरूचं झाड, कपडे धुवायचा दगड. आजी ऐंशीच्या पुढच्या, वॉकर घेऊन चालतात. त्यांचं मागणं साधं होतं. संध्याकाळी बाहेर बसता यावं, पाय घसरू नये, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी वाळवणापुरती शहाबादी असावी.

चार वर्षांपूर्वी तिथे कोणीतरी गुळगुळीत टाइल्स बसवून दिल्या होत्या, घरात बसवतात तशा. दुसऱ्याच पावसाळ्यात मधला भाग खचला. पाणी साचायचं, शेवाळ धरायचं, आणि गेल्या श्रावणात आजी त्यावरच पडल्या. मी पहिल्या दिवशी लेव्हल पाइप, म्हणजे उंचसखल मोजायची पाण्याची नळी, लावून पाहिला, तर घराच्या भिंतीकडची कड कुंपणाकडच्या कडेपेक्षा इंचभर खाली. म्हणजे सगळं पाणी घराकडे. स्वयंपाकघराच्या भिंतीला अडीच फुटांपर्यंत ओल, प्लास्टर हात लावला की भुगा. ज्या शहरात 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला, तिथे अंगणाचा उतार घराकडे ठेवणं मला कधीच समजलेलं नाही. पन्नासाला एक असा उतार धरला तर चौदा फुटांत जेमतेम सव्वातीन इंच पडतात. डोळ्याला ते दिसतसुद्धा नाही, पण पाण्याला बरोबर कळतं.

मधला भाग का खचला, याचं उत्तर मला टाइल्स काढल्याबरोबर मिळालं असं वाटलं. खाली सिमेंट-वाळूचा इंचभर माल, आणि त्याखाली सोलिंग म्हणजे दगडांचा थर नाही, मुरूम नाही, नुसतं डेब्रिज. विटांचे तुकडे, सिमेंटच्या गोणीच्या चिंध्या, चौकटीचं कुजकं लाकूड. असा भराव बसणारच. मी वहीत 'भराव खराब, एक फूट उकरणे' असं लिहिलं आणि पुढच्या कामाला लागले. तिथे मी थांबायला नको होतं. भराव सगळीकडे सारखाच वाईट होता, मग खड्डा नेमका पेरूच्या अलीकडेच का पडला, हे मी स्वतःला विचारलं नाही.

तर त्या दिवशी आम्ही फूटभर डेब्रिज काढून तळची जमीन ठोकत होतो. आवाज बदलल्यावर मिस्त्रींनी कुंपणाकडे उभं राहून लांब पहारीने टोचायला सुरुवात केली. इकडे माती, इकडे माती, आणि मग खण्. काँक्रीट. त्याच्या कडा शोधत गेलो तेव्हा सहा बाय चार फुटांचा स्लॅब निघाला. एका कोपऱ्यातलं काँक्रीट झडून गेलं होतं, सळ्या गंजून फुगलेल्या, आणि त्यांच्यामधून मुठीएवढं काळं भोक. तिथून कुजलेल्या अंड्यासारखा वास आला.

नाक्यावरून आणलेल्या दोघांपैकी एक पोरगा एकोणीस वर्षांचा. कामाला चपळ, उत्साही. कोणी काही बोलायच्या आत तो मोबाइलचा टॉर्च लावून भोकापाशी ओणवा झाला. मी मागून त्याची कॉलर धरली आणि ओढलं. तो मातीत बसकण मारून पडला आणि माझ्याकडे बघतच राहिला. माझे हात थरथरत होते. त्याला रागावले नाही, शेजारी बसून सांगितलं. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असला तर वास येतो. जास्त असला तर नाकच बधिर होतं, वास गेला असं वाटतं, आणि तेव्हाच तो माणसाला पाडतो. मिथेनही असतो, त्याला ठिणगी चालत नाही. पहिला पडला म्हणून दुसरा उतरतो, दुसऱ्यासाठी तिसरा. अशा बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतो. सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवून मैला काढायला 2013च्या कायद्याने बंदी आहे, तरी वाचतो.

मी आत जाऊन आजींना विचारलं, "आजी, मागे कधी मैल्याची टाकी होती का?"

"होती की गं. आम्ही आलो तेव्हा इथे ड्रेनेजची लाइन कुठे होती? लाइन आली तेव्हा टाकी बंद केली. पेरूच्या अलीकडे." मग थोडं थांबून म्हणाल्या, "टाइल्सवाल्याला मी सांगितलं होतं. तो म्हणाला, काही होत नाही, वरून पक्कं करतो. तू काही विचारलं नाहीस, मला वाटलं तुला ठाऊक असेल."

हे वाक्य मला अजून लागतं. मी रंग विचारला होता, बसायची जागा विचारली होती, वॉकरच्या चाकांची रुंदीसुद्धा मोजली होती.

बाहेर आले तर काढलेल्या टाइल्स भिंतीशी उभ्या रचलेल्या. खचलेल्या भागातल्या वेगळ्या ठेवल्या होत्या. त्यातल्या चार टाइल्सवर रुपयाएवढे गंजाचे गोल डाग होते. मी त्या जमिनीवर शेजारी शेजारी मांडल्या. चार डागांचा चौकोन झाला. आजींची लोखंडी घडीची खुर्ची दाराआड होती, ती आणून त्यावर ठेवली, पाय बरोबर डागांवर. चार वर्षं रोज संध्याकाळी त्या तिथेच बसत होत्या. खाली ती गंजलेली सळी, आणि त्याखाली पाच फूट खोल टाकी. मिस्त्रींनी डोक्याचा रुमाल काढला आणि काही न बोलता खुर्ची उचलून आत नेऊन ठेवली.

आजींचा मुलगा पुण्याला असतो. फोनवर त्याचा पहिला प्रश्न, "आजच खडी टाकून बुजवता नाही का येणार? मृगाच्या आत संपवायचंय ना?" मी म्हटलं, "दादा, आज कोणी तिथे पाय ठेवणार नाही. आधी उपसा, मग बाकीचं." तो चिडला, खर्चावरून बराच बोलला. मी ऐकून घेतलं. मग त्याला त्या चार टाइल्सवर ठेवलेल्या खुर्चीचा फोटो पाठवला. पाच मिनिटांनी त्याचा फोन आला, आवाज अगदी वेगळा. "आई कुठे आहे आत्ता?"

त्या दिवशी पुढे काम असं झालंच नाही. बांबू आणि दोरी लावून जागा बंद केली, स्वयंपाकघराचं मागचं दार आतून लावून घेतलं. दोन्ही बिगाऱ्यांना आणि मिस्त्रींना पूर्ण हजेरी दिली. धोका दिसला म्हणून काम थांबवणाऱ्याचा रोज कापला तर पुढच्या वेळी तो थांबणार नाही.

दुसऱ्या दिवशी मैला उपसणारी गाडी आली. घराची कुठलीही लाइन अजून टाकीला जोडलेली नाही ना, हे रंगीत पाणी सोडून तपासलं. स्लॅब बाहेर उभं राहूनच फोडला आणि टाकी दोन दिवस उघडी ठेवली. तळाला वरूनच लांब पहारीने भोकं पाडली, म्हणजे आत पाणी तुंबून राहणार नाही. भरायला मुरूम घेतला नाही, 40 मिलिमीटरची खडी घेतली. मुरूम थराथराने ठोकावा लागतो आणि त्यासाठी माणूस आत उतरावा लागतो. स्वच्छ खडी वरून ओतली तरी चांगली बसते. सव्वा ब्रास, म्हणजे सव्वाशे घनफूट लागली. बाजूचा बोळ तीन फुटांचा, त्यामुळे सगळी घमेल्यांनी.

खडीवर जिओ फॅब्रिक अंथरायला मी स्वतः बसले. हा कपडा मधे नसला तर वरची बारीक कच, म्हणजे दगडाचा चुरा, हळूहळू खडीच्या फटींत उतरत जाते, आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा तोच खड्डा. त्यावर सहा इंच मुरूम, पाणी मारून ठोकलेला, मग बारीक खडीचा थर, मग दीड इंच कच.

खरं तर मला सगळीकडे काँक्रीट टाकून वर शहाबादी करायची होती. आता ते धरून बसण्यात अर्थ नव्हता. भरलेली जागा कितीही काळजी घेतली तरी सूतभर बसू शकते. काँक्रीट अशा वेळी तडकतं, पेव्हर ब्लॉक मात्र उचलून, खाली कच भरून परत बसवता येतात. म्हणून 60 मिलिमीटर जाडीचे, एम-35 ग्रेडच्या मजबूत काँक्रीटचे, खरबरीत तोंडाचे पेव्हर घेतले. दोन ब्लॉक एकमेकांवर आपटून पाहिले, खणखणीत वाजले तेच लॉट उतरवून घेतले. चारही कडांना काँक्रीटची बांधणी केली, नाहीतर ब्लॉक बाहेर सरकतात आणि फटी रुंदावतात. पेरूभोवती तीन फूट माती मोकळी ठेवली. दाराशी, जिथे जमीन मूळची पक्की होती, तिथे चार फुटांचा पट्टा काँक्रीटवर रफ शहाबादीचा. तो उंबऱ्यापेक्षा सहा इंच खाली, आणि वॉकरसाठी एका बाजूने सावकाश उताराची वाट.

शेवटच्या दिवशी त्या पोराने ब्लॉक ठोकून बसवायचं यंत्र, प्लेट कॉम्पॅक्टर, फिरवला. टाकीच्या जागेवर आला की तो दर वेळी कान देऊन ऐकायचा.

पहिला मोठा पाऊस झाला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी मुद्दाम गेले. पाणी कुंपणाकडच्या नाळीतून चेंबरला लागलं होतं, भिंतीकडचे ब्लॉक जवळपास सुकलेले. आजी बाहेरच बसल्या होत्या. खुर्चीच्या पायांना नवी रबरी टोपणं होती. पण खुर्ची पेरूखाली नव्हती, दाराशी, शहाबादीवर होती.

"तिकडे नाही बसत, आजी?"

"बसेन गं," त्या म्हणाल्या. "एक पावसाळा जाऊ दे."