मुरलेलं बेट

शोदोशिमा बेटाच्या तोनोशो बंदरात बोट लागली आणि सगळ्यात आधी आला तो वास. खारा नव्हे, मासळीचाही नव्हे, भाजलेल्या तिळांचा. संक्रांतीच्या आदल्या दिवशी घरभर असतो ना, तोच. नोव्हेंबर महिना, जपानमधला सेतोचा समुद्र आणि नाकात तिळगूळ, हे गणित काही जुळेना. मग कळलं की बंदराला लागूनच तिळाच्या तेलाचा मोठा जुना कारखाना आहे.

नवऱ्याला मात्र वासाबिसाशी कर्तव्य नव्हतं. त्याच्या फोनवर यादी तयार होती. ताकामात्सूहून तासाभराच्या बोटीत त्यानं ती मला तीनदा वाचून दाखवली होती. यादीत पहिलं नाव होतं दोफुची. जगातली सर्वांत अरुंद सामुद्रधुनी! सर्वांत कमी रुंदीच्या जागी ९.९३ मीटर, गिनीज बुकात नोंद. प्रत्यक्षात गावातल्या रस्त्यावरून चालताना एक छोटासा पूल लागतो, खाली नाल्याएवढं पाणी, आणि पलीकडे जे आहे ते दुसरं बेट. पुण्यात आंबिल ओढा याहून कितीतरी थाटात वाहतो. पण शेजारच्या नगरपालिकेच्या कचेरीत शंभर येन भरले की सामुद्रधुनी ओलांडल्याचा रीतसर दाखला मिळतो. एखादा दाखला कचेरीत पहिल्याच फेरीत मिळाला, ही आमच्या संसारातली पहिलीच वेळ. तो आता घरी रेशनकार्डाच्या फायलीत आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी कांकाकेईची दरी पाहिली. रोपवे, लाल पानं, लांबवर निळा समुद्र. सुंदर आहे, फोटोत दिसतं तसंच. मग ऑलिव्ह पार्क. तिथल्या टेकडीवर एक पांढरी ग्रीक पवनचक्की आहे आणि तिच्यासमोर माणसं झाडूवर बसल्यासारख्या उड्या मारतात. सगळं एका चेटकिणीच्या सिनेमामुळे. झाडू फुकट मिळतात. घरी ज्यानं वीस वर्षांत केरसुणी कुठे असते याची चौकशी केली नाही, त्या माणसानं त्या झाडूवर अकरा वेळा उडी मारली. मनासारखा फोटो येईपर्यंत.

मला त्या पवनचक्कीपेक्षा खालच्या झाडांचं नवल वाटलं. ऑलिव्ह इथलं नव्हेच. १९०८ साली सरकारनं जपानमध्ये तीन ठिकाणी त्याची लागवड करून पाहिली. मासळी तेलात टिकवायची तर ते तेल आपल्याच देशात पिकावं, असा हेतू. बाकी दोन्हीकडे झाडांनी नाही म्हटलं, इथे ती रुजली. आज बेटावर टपालपेटीपासून गुरांच्या चाऱ्यापर्यंत सगळीकडे ऑलिव्ह आहे. तेल काढून उरलेला चोथा गाईबैलांना घालतात आणि ते मांस वेगळ्या नावानं, वेगळ्या भावानं विकतात. झाडावरचं फळ तोडून खाल्लं तर कडूजहर. ते आधी क्षाराच्या पाण्यात ठेवून कडवटपणा काढतात आणि मग हलक्या मिठाच्या पाण्यात मुरवतात. नव्या हंगामाचं हे हिरवंगार लोणचं ऑक्टोबरपासून मिळतं. आम्ही एक पाकीट घेतलं.

तिथून बसनं हिशिओ-नो-सातो. नाव मोठं, जागा म्हणजे काळ्या लाकडी भिंतींच्या वखारींची गल्ली. शोयू, म्हणजे आपण ज्याला सोया सॉस म्हणतो आणि हाक्का नूडल्सवर उपडं करतो, तो इथे चारशे वर्षांपासून करतात. बेटावर पूर्वी मीठ भरपूर पिकायचं. सोयाबीन आणि गहू गलबतांनी आणायचा, तयार शोयू गलबतांनीच ओसाकाला धाडायचा. पदार्थात मीठ सोडलं तर बेटाचं काहीच नाही. हवा तेवढी आहे.

वखारीत शिरण्याआधी दारातल्या बाईंनी हसून एकच प्रश्न विचारला. सकाळी नात्तो खाल्लंय का? नात्तो म्हणजे आंबवलेलं, तार सुटणारं सोयाबीन. त्यातले जंतू फार दांडगे, आत शिरले तर इथल्या बुरशीला जगू देणार नाहीत. आम्ही हॉटेलात टोस्ट खाल्ला होता. सोवळ्यात पास झालो.

आत अंधार. डोळे सरावल्यावर दिसली ती लाकडी पिंपं. माणसाहून उंच, देवदाराच्या जातीच्या लाकडाच्या फळ्या जोडून बांबूच्या पट्ट्यांनी आवळलेली. प्रत्येकात हजारो लिटर मावतात. आपण फळ्यांच्या माचीवर उभं राहून वरून वाकून पाहायचं. खाली मोरोमी. उकडलेलं सोयाबीन, भाजून भरडलेला गहू, त्यावर चढवलेली कोजी बुरशी आणि मिठाचं पाणी, असं ते चॉकलेटी रंगाचं दाट पिठलं. मधूनच एखादा बुडबुडा येतो, फुटतो. पुढचा येईपर्यंत आपण श्वास धरून थांबतो.

आणि भिंती! तुळया, छप्पर, पिंपांच्या कडा, सगळ्यावर काळपट, जाडसर पुटं चढलेली. मी घरची गृहिणी, माझा हात पहिल्यांदा फडक्याकडेच जाणार. पण ती झाडायची नसतात. शे-दीडशे वर्षं तिथे राहणारे बुरशी आणि किण्वाचे जीव तेच, शोयू तेच करतात. माणसं फक्त ढवळतात आणि वाट पाहतात. साधा शोयू वर्ष-दोन वर्षं. एका प्रकारात मिठाच्या पाण्याऐवजी तयार शोयूच घालून पुन्हा मुरवत ठेवतात, त्याला चारेक वर्षं लागतात.

त्या वखारीत जो वास होता, तसाच आमच्या आजीच्या फडताळाला होता. लोणच्याच्या बरण्या काढून घेतल्यावरही तो गेला नाही. आजी गेल्यावर, फडताळ विकल्यावरही ज्यांनी ते घेतलं त्यांच्या घरात तो असणार. लोणचं मुरतं तशी बरणी मुरते, फळी मुरते, हे मला ठाऊक होतं. आख्खी इमारत मुरते हे तिथे पाहिलं.

हल्ली जपानमधला बहुतेक शोयू मोठमोठ्या टाक्यांमध्ये तयार होतो. लाकडी पिंपातला एक टक्कासुद्धा नाही. एक पिंप शंभर वर्षं सहज टिकतं, आणि तीच त्या धंद्याची गोची. पिंप बांधणाऱ्याला दुसरं गिऱ्हाईक मिळायला नातवाचा जन्म व्हावा लागतो. पिंपं करणारे कारागीर संपत आले, तेव्हा २०१२ साली बेटावरच्या एका शोयूवाल्यानं गावचे सुतार बरोबर घेऊन स्वतःच ते काम शिकून घेतलं. आता दर जानेवारीत देशभरातले शोयूवाले, मद्यवाले तिथे जमतात आणि मिळून पिंप बांधतात. एकमेकांचे प्रतिस्पर्धी. मला हे कोकणातल्या एखाद्या वाडीनं मिळून घर शाकारण्यासारखं वाटलं.

नवरा घड्याळ दाखवत होता. यादीत पुढे एंजल रोड होता, आणि तो काही आपल्या सोयीनं थांबत नाही. पण जेवण तर हवं. मी हिशिओ डोनबुरी घेतली. या पदार्थाला चक्क नियम आहेत. शोयू किंवा मोरोमी इथलाच हवा, भातावरची मासळी-भाजी इथली हवी, आणि तोंडी लावायला ऑलिव्ह नाहीतर त्सुकुदानी. हे त्सुकुदानी म्हणजे शोयूत आटवलेलं समुद्री शेवाळ. १९४५ साली, युद्धानंतर खायची मारामार होती तेव्हा शेवाळ कुठलं, रताळ्याचे वेल आटवून इथे त्याची सुरुवात झाली.

नवऱ्याचा शनिवार होता. शनिवारी तो मासळी खात नाही, जपानमध्येसुद्धा नाही. त्यानं सोमेन मागवल्या. सोमेन म्हणजे गव्हाच्या केसासारख्या बारीक शेवया. चारशे वर्षांपूर्वी इसेच्या यात्रेला गेलेले इथले लोक वाटेत मिवा गावी त्या शिकून आले, असं सांगतात. यात्रेहून आपण अंगारा-प्रसाद आणतो, यांनी शेवया आणल्या! मळलेल्या पिठाची दोरी दोन काठ्यांवर आठाच्या आकारात गुंडाळायची आणि ताणत ताणत लांबवायची, मग चिकटलेले धागे लांब काड्यांनी सोडवून थंडीच्या वाऱ्यात वाळवायचे. धागे चिकटू नयेत म्हणून तेल लावायचं, आणि ते तिळाचं. सकाळी एका अंगणात त्या वाळत होत्या, ओल्या पांढऱ्या पडद्यासारख्या. पाटावरच्या शेवया बाजेवर धोतर पसरून वाळवणाऱ्या माझ्या मावशांना तिथे उभं करायला हवं होतं. दोन मिनिटांत त्यांनी दोष काढले असते.

सोमेनबरोबर बुडवायला जे पातळ सार येतं त्यात सुक्या मासळीचा अर्क असतो. खाणाखुणा, फोनवरचं भाषांतर, पुन्हा खाणाखुणा. शेवटी बाईंनी ती वाटी उचलली आणि नुसता शोयू ठेवला, चार वर्षांचा. वरून ऑलिव्ह तेलाचे चार थेंब. नवऱ्यानं पहिला घास घेतला आणि फोन उलटा ठेवला. मग मीही माझी मासळी सोडून त्याच्या वाटीत काड्या घातल्या. खारट म्हणावा तर त्यामागून गोड येत होतं, गोड म्हणावा तर काकवीसारखं काहीतरी खोल. आणि तो अंधाऱ्या वखारीचा वास. आम्ही सोमेन आणखी एकदा मागवल्या.

एंजल रोड म्हणजे ओहोटीला उघडी पडणारी वाळूची वाट. दिवसातून दोनदा उघडते, पलीकडच्या चिमुकल्या बेटांपर्यंत चालत जाता येतं. जोडप्यानं हातात हात घालून ती चालली की मनातलं पुरं होतं म्हणे. आम्ही पोचलो तेव्हा मधली वाळू पाण्याखाली गेली होती. पलीकडून शेवटची दोन पोरं बूट हातात घेऊन, हसत, घोट्याएवढ्या पाण्यातून येत होती.

"तुझ्या पिंपांमुळे," नवरा म्हणाला.

"आणि दुसऱ्यांदा सोमेन कुणी मागवल्या?"

तो काही बोलला नाही. आम्ही किनाऱ्यावर बसलो, ऑलिव्हचं पाकीट फोडलं. सेतोचा समुद्र कोकणच्या समुद्रासारखा बडबड्या नाही, पाणी कधी वर आलं ते कळतच नाही. वाट हळूहळू अरुंद झाली, मग नुसती फिक्या रंगाची रेघ. नवऱ्यानं माझ्या शालीचं टोक नाकाशी नेलं.

"धुऊ नकोस लगेच," म्हणाला.