मंकल कुठे किरटत होता?

इयत्ता तिसरीत असताना आमच्या वर्गशिक्षिका बाईंनी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या होत्या : ‘मंकल सांजेला खुमटीवर किरटत होता. त्याच्या मागून दोन गोंबुळ्या लुपत आल्या.’ त्याखाली प्रश्न होते : कोण किरटत होता? कुठे किरटत होता? मागून कोण आल्या? आम्ही सर्वांनी पाटीवर बिनचूक उत्तरे लिहिली. मग बाई म्हणाल्या, “आता याचे चित्र काढा.” कोणालाच ते काढता आले नाही, कारण त्या ओळींना काही अर्थच नव्हता. पाठाखालचे ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ हे प्रश्न अर्थ न लागताही सोडवता येतात, हे आम्हा मुलांना त्या दिवशी कळले. पुढे मी स्वतः प्राथमिक शिक्षक झालो, आणि आजही नव्या वर्गाशी ओळख झाली की असाच एखादा उतारा रचून फळ्यावर लिहितो.

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी शाळेत हा मुद्दा समजावणे तसे सोपे होते, असे आता वाटते. नंदगडच्या बाजारात कन्नडमध्ये झकास घासाघीस करणाऱ्या, पण त्या लिपीतले एक अक्षरही न येणाऱ्या आज्या आमच्या घरोघरी होत्या. आणि कचेरीतून आलेला कन्नड कागद घडाघडा वाचून दाखवणारी, पण त्यात काय लिहिले आहे ते वडिलांना सांगू न शकणारी शाळकरी मुलेही होती. गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली मांडले की, वाचनाचे आकलन हा अक्षरे लावण्याची क्षमता आणि भाषा समजण्याची क्षमता यांचा गुणाकार असतो, त्यामुळे यांतली एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच येते. डी.एड.च्या वर्गात हे सूत्र शिकताना मला आजी आणि तो कागद दोन्ही आठवले.

बाई पाठ उघडण्यापूर्वी बराच वेळ बोलण्यात घालवत, आणि त्यावरून काही पालक कुरकुरतही असत. नदीवरचा पाठ असला की कणकुंबीला कोण कोण जाऊन आले आहे, मलप्रभा जिथे उगम पावते तिथे त्यांनी काय पाहिले, हे त्या आधी विचारत आणि मुलांच्या तोंडून आलेले शब्द फळ्यावर लिहून ठेवत. एरवी अडखळत वाचणारी, पण तो परिसर पाहिलेली मुले अशा पाठात सर्वांच्या पुढे जात. अमेरिकेत १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बेसबॉलवरचा उतारा वापरून हेच दिसले होते : खेळाची माहिती असलेल्या कच्च्या वाचक मुलांना, माहिती नसलेल्या चांगल्या वाचकांपेक्षा तो उतारा अधिक समजला होता. तेव्हा पाठापूर्वीच्या गप्पांना वेळेचा अपव्यय म्हणणे मला मान्य नाही.

वाचता वाचता थांबणे हा त्यांचा दुसरा परिपाठ. स्वतः मोठ्याने वाचताना त्या मध्येच पुस्तक खाली ठेवून म्हणत, “इथे माझा घोटाळा झाला, ‘तो’ म्हणजे नेमका कोण?” आणि दोन ओळी मागे जाऊन शोधून दाखवत. पुढे आम्हा चौघाचौघांच्या गटांत त्यांनी कामे वाटून दिली : एकाने पुढे काय होईल ते सांगायचे, एकाने प्रश्न काढायचा, एकाने अडलेल्या जागा उलगडायच्या आणि एकाने थोडक्यात सांगायचे, दुसऱ्या दिवशी कामे बदलत. पालिन्सार आणि ब्राउन या अभ्यासकांचा याच चार कृतींवरचा शोधनिबंध १९८४ चा आहे. तो बाईंपर्यंत पोहोचला होता की ही त्यांचीच युक्ती होती, हे विचारायचे राहून गेले.

मात्र मला सर्वांत मोलाची वाटते ती त्यांनी दिलेली एक सवलत. आमच्या वर्गात घरी कन्नड बोलणारी एक मुलगी होती. गोष्ट सांगायला उभी केली की ती गप्प राहायची, म्हणून तिला काही समजत नाही असा सर्वांचा समज होता. बाईंनी तिला गोष्ट कन्नडमध्ये सांगू दिली, तेव्हा तिने आम्हा सर्वांपेक्षा बारकाईने ती सांगितली. कोल्हा खोटे का बोलला, याचे कारणही तिने जोडले. तिला गोष्ट समजली होती, फक्त मराठीत सांगता येत नव्हती, आणि न समजणे व सांगता न येणे या दोन अडचणींवरचे उपाय निराळे आहेत. सीमाभागातल्या शिक्षकाने मुलाला ‘कच्चा’ ठरवण्यापूर्वी ही तपासणी करायलाच हवी.

२०२१ साली सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत, असे उद्दिष्ट ठेवले आहे. यातले ६० शब्द घड्याळ लावून मोजता येतात. ‘समजून’ मोजायला मुलाशी बोलावे लागते, म्हणून भेटीला आलेले अधिकारी बहुधा घड्याळच काढतात.

आमच्या या शाळेच्या सुवर्णमहोत्सव समितीने शाळेला काय भेट द्यावी, असे माजी विद्यार्थ्यांना विचारले आहे. माझी सूचना पहिली ते चौथीच्या वर्गांसाठी पातळ, सचित्र गोष्टींच्या पुस्तकांची आहे, आणि तीही एकच गोष्ट मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत मिळेल अशी. प्रथम बुक्स आणि नॅशनल बुक ट्रस्ट दोन्ही भाषांत पुस्तके काढतात, तर ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरून अशा गोष्टी विनामूल्य उतरवून छापून घेता येतात. तिसरीच्या वर्गाचा संच माझ्याकडून येईल. बाकीच्या तीन वर्गांचे आपण ठरवावे.