लेअर्स वाढवताय? मग वरच्या केसांना कात्री लावू देऊ नका

लेअर्स कापून घ्यायला पाऊण तास पुरतो. तेच वाढवून पुन्हा एका रेषेत आणायला दोन-अडीच वर्षं लागतात. हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणी केस धड लांब नाहीत, धड आखूड नाहीत अशा अवस्थेत वैतागतात आणि पुन्हा खांद्यापर्यंत कापून येतात. मला अगदी मनापासून वाईट वाटतं. आणखी थोडी कळ काढली असती तर तो कंटाळवाणा टप्पा संपलाच असता.

माझे केस किंचित वेव्ही, मध्यम जाडीचे आणि भरपूर आहेत. लेअर्स मी हौसेने कापून घेतले होते आणि ते मला शोभलेही. डोकं हलकं वाटायचं, केसांना उठाव यायचा. पण आता मला कमरेपर्यंतचा शेपटा हवाय, वरपासून खालपर्यंत जाड. त्यात मी पुण्यात ढोल पथकात वाजवते. ढोल कमरेला बांधलेला, एका हातात टिपरू आणि दुसऱ्या हाताची थाप. तोंडावर बट आली की ती सारायला हात मोकळा नसतो आणि घामाने ती तिथेच चिकटून बसते. त्यामुळे वाढणारे केस आवरून ठेवणं ही माझी रोजची गरज आहे, आणि त्यातलं जे कळलंय ते इथे लिहितेय.

सगळ्यात आधी हिशोब. केस महिन्याला साधारण १ ते १.२५ सेंटिमीटर वाढतात आणि डोक्यावरचे सगळे केस जवळपास एकाच वेगाने वाढतात. खरी गोम इथेच आहे. समजा वरचा थर हनुवटीपर्यंत येतोय आणि खालचे केस त्याहून २० सेंटिमीटर लांब आहेत. वर्षभर कात्री न लावता वाढवलेत तरी तो फरक २० सेंटिमीटरच राहणार. दोन्ही लांब होतील, पण थर तसेच. फरक कमी करायचा असेल तर खालून कापावंच लागतं. दर तीन महिन्यांनी केस साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास वाढतात. त्यातले २ सेंटिमीटर फक्त खालून कापत गेलं, तर फरक वर्षाला ८ सेंटिमीटरने घटतो आणि अडीच वर्षांत सगळे केस एका रेषेत येतात. शिवाय खालची लांबीही वर्षाला ६ सेंटिमीटर वाढत राहते. दर वेळी ३ सेंटिमीटर कापले तर वीसेक महिन्यांत काम होतं, पण तोवर लांबी जवळजवळ जिथल्या तिथे. मी पहिली वाट धरली, कारण लांबी वाढताना दिसली नाही तर माझा धीर सुटेल हे मला माहीत होतं.

कापल्याने केस भराभर वाढतात असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. केस वाढतो मुळापासून, टाळूच्या आत, आणि टोकाला काय चाललंय याचा त्याला पत्ता नसतो. टोकं कापायची ती फाटे फुटलेत म्हणून. दुतोंडी झालेला केस वरवर चिरत जातो, आणि मग २ सेंटिमीटरच्या जागी ५ कापावे लागतात.

आता पार्लर. तिथल्या ताईंचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "लेअर्स जरा फ्रेश करून देऊ का?" त्या चांगल्या मनानेच विचारतात, कारण ताजे लेअर्स त्या दिवशी खरोखर सुंदर दिसतात. पण 'फ्रेश' म्हणजे वरचा थर पुन्हा आखूड, आणि वाढवलेले सगळे महिने पाण्यात. माझं उत्तर पाठ झालंय: "ताई, वरच्या केसांना अजिबात हात नको. सगळे केस खाली पाडून विंचरा आणि खालून फक्त दोन सेंटिमीटर, सरळ." 'सगळे केस खाली पाडून' हे शब्द महत्त्वाचे. थर पडतात ते बट वर उचलून, ताणून कापल्याने. केस मानेवर, पाठीवर पडलेले असताना कापले की थर न पडता नुसती कड तयार होते. मान सरळ ठेवा, खाली वाकवू नका, नाहीतर आतले केस नकळत आखूड होतात. दातेरी कात्री दिसली की लगेच नको म्हणा. तिने केस विरळ होतात, आणि आपल्याला तर शेपट्याच्या टोकाशी एकेक केस हवाय. वेव्ही केस ओले असताना लांब दिसतात आणि वाळले की वर चढतात, तेव्हा दोन सेंटिमीटर म्हणजे नेमके किती ते बोटाने दाखवून द्यावं. एक इंच सांगून तीन इंच जमिनीवर पडलेले पाहण्याचं दुःख पुष्कळ जणींनी भोगलंय.

सरळ कड नको असेल तर हलका यू चालतो. व्ही मात्र या काळात टाळा, कारण त्यात बाजूचे केस पुन्हा आखूड होतात.

पुण्यात राहायचं म्हणजे टू-व्हीलर आणि टू-व्हीलर म्हणजे स्कार्फ. डोळे सोडून सगळं गुंडाळायची इथली पद्धत धुळीपासून वाचवते, पण लेअर्सचं सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं. सुती स्कार्फची गाठ बसते मानेवर, नेमकी जिथे मधल्या थराची टोकं येतात तिथे. रोज जाता-येता ती टोकं घासली जातात. माझ्या मानेवरचे केस बाकीच्यांपेक्षा मागे पडलेत असं मला दिसत होतं आणि ते वाढत नाहीत असंच वाटत होतं. वाढत होते, पण टोकाशी तेवढेच तुटतही होते. आता मी आधी सैल वेणी घालते, ती कुर्त्याच्या आत सोडते, डोक्याला साटीनचा पातळ रुमाल बांधते आणि त्यावर स्कार्फ आणि हेल्मेट. दोन मिनिटं जास्त जातात. पण काही महिन्यांनी मानेवरचे केस मुठीत धरले तेव्हा फरक हाताला जाणवला.

वेणीबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं, कारण लेअर्स वाढवणाऱ्या बाईचा सगळा दिवस वेणीवर अवलंबून असतो.

साधी तिपेडी वेणी लेअर्सच्या केसांत वर जाड आणि खाली उंदराच्या शेपटीएवढी होते. मधे दर चार बोटांवर आखूड थराची टोकं बाहेर येतात. यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे सागरवेणी. तिच्यात कपाळापासून केस थोडे थोडे घेत जायचे असतात, म्हणून प्रत्येक थर त्याच्या त्याच्या जागी गुंफला जातो. हनुवटीपर्यंत येणारी पुढची बट कपाळाशीच पकडली गेली की तिचं टोक कानामागे, दुसऱ्या पेडाखाली बसतं. एकच सागरवेणी घातली तर बाजूचे केस लांबून ओढून आणावे लागतात आणि आखूड केस तेवढे पोचत नाहीत. मधोमध भांग पाडून दोन घाला. अंतर कमी होतं आणि अगदी छोटे केससुद्धा धरले जातात. मानेपाशी दोन्ही एकत्र करून पुढे एक शेपटा केला की ऑफिसातही शोभते.

वेणी घालताना जिथे थर संपतो तिथे, म्हणजे पेड अचानक पातळ लागतो त्या जागी, मी बोटांना जरासं जवसाचं जेल लावते. घरी करायला सोपं आहे. दोन चमचे जवस दीड-दोन कप पाण्यात मंद आचेवर ठेवायचे आणि ढवळत राहायचं. पाण्यावर पांढरा फेस येऊन चमच्यावरून तार सुटायला लागली की लगेच गॅस बंद करून गरम असतानाच गाळायचं. गार झालं की ते इतकं घट्ट होतं की गाळणीतून उतरतच नाही. जुन्या ओढणीच्या मऊ तुकड्यात घालून पिळलं तर छान निघतं. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की टाकून द्यायचं. केस कडक न होता टोकं आत बसून राहतात. बाजारातलं जेल वाळल्यावर पांढरे कण सोडतं, ते मला आवडत नाही.

घट्ट ओढून वेणी घालू नका. केस आखूड म्हणून निसटतात आणि निसटतात म्हणून आपण आणखी ओढतो. कपाळाच्या कडेचे आणि कानशिलांवरचे केस सतत ताणले गेले की मुळं दुखावतात आणि ती कड हळूहळू मागे सरकते. बराच काळ तसंच चाललं तर तिथले केस पुन्हा येत नाहीत. वेणी घातल्यावर भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या तर ती सोडून परत घाला. भांगही दर काही दिवसांनी इकडे-तिकडे करत राहावं.

केस न्हाण्याबाबत माझं सगळं लक्ष गुंत्यावर असतं. लेअर्समध्ये गुंता ठरावीक जागी होतो, जिथे आखूड केसांची टोकं लांब केसांत शिरतात तिथे. म्हणून मी वरचा थर आधी क्लचरने डोक्यावर बांधून टाकते. मग खालचे केस मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकापासून सुरुवात करून वर वर जात सोडवते. ते झाले की वरचे. ओला केस ताणला जातो आणि पटकन तुटतो, तेव्हा हिसके नकोत. टॉवेलने झटकणं तर मुळीच नको. जुना सुती पंचा गुंडाळून दाबून पाणी टिपायचं. पावसाळ्यात केस वाळायला उशीर लागतो आणि ओल्याची वेणी घालायचा मोह होतो. पण आत ओल राहून कुबट वास येतो आणि टाळूला खाज सुटते. त्या दिवसांत मी रात्री न्हायचं टाळते, एवढंच.

आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, जड पाणी. बादलीच्या तळाशी पांढरा थर बसतो तसाच तो केसांवरही बसतो आणि केस खरखरीत होऊन एकमेकांत अडकतात. म्हणून शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घेते. केसांच्या टोकांना तेवढं पुरतं.

तेलाचं म्हणाल तर मी खोबरेल तेलावर ठाम आहे. मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली होती. धुण्याआधी किंवा नंतर लावल्यावर केसांतलं प्रथिन वाया जाणं लक्षणीय कमी झालं ते फक्त खोबरेल तेलाने. अभ्यास तेल विकणाऱ्या कंपनीचाच आहे हे ध्यानात ठेवूनही त्यातलं कारण मला पटतं. खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ रेणूंचं असल्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकतं. मी न्हाण्याआधी तास-दीड तास लावते आणि खालच्या केसांना जास्त. ५० सेंटिमीटर लांब केसाचं टोक तीन वर्षांहून जुनं असतं. त्याने तीन उन्हाळे आणि तीन पावसाळे झेललेले असतात. वरचे आखूड थर तरुण आहेत, त्यांना थोडं पुरतं, नाहीतर ते चपटे होऊन कपाळाला चिकटतात. इस्त्री आणि स्ट्रेटनिंगबद्दल एवढंच सांगते की या दोन वर्षांत त्यांना सुट्टी द्या. कांद्याचा रस, अंडं वगैरेंबद्दल माझा काही आग्रह नाही. आणि केस अचानक मूठभर गळायला लागले तर तेल-लेप करत बसू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि रक्त तपासून घ्या.

वादनाच्या दिवशी मी दोन सागरवेण्या घालते आणि त्यांचा शेपटा मानेवर गोल गुंडाळून यू-पिनांनी बसवते. मग त्यावर फेटा. यू-पिन लावताना ती आधी अंबाड्याच्या कडेला उलट्या दिशेने, म्हणजे बाहेरच्या बाजूला तोंड करून घालायची, थोडे केस पकडायचे आणि मग फिरवून आत ढकलायची. तशा लावलेल्या चार-पाच पिना दिवसभर हलत नाहीत. नुसत्या सरळ खुपसलेल्या डझनभर पिना पहिल्या तासातच रस्त्यावर पडतात. आमच्या पथकातल्या धाकट्या मुलींना मी हे वाद्यपूजनाच्या दिवशीच बसवून शिकवते.

राहिला नऊवारीवरचा खोपा. लेअर्स पूर्ण वाढेपर्यंत तो स्वतःच्या केसांचा भरगच्च होत नाही, तेव्हा लग्नकार्याला खुशाल गंगावन लावा, त्यात कमीपणा काही नाही. तुळशीबागेत हवं तसं मिळतं. घेताना रंग मुळांशी न जुळवता आपल्या टोकांशी जुळवून बघा, कारण टोकं उन्हाने फिकी झालेली असतात आणि गंगावन मिसळायचं असतं ते त्यांच्यातच. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली ठरवू नका, दारात उजेडात नेऊन बघा. दुकानदार नेऊ देतात.