मंगळाचं पोवळं आणि मेदेसची बेटं

माझ्या पत्रिकेत मंगळ आहे. त्यामुळे आजीची पोवळ्याची अंगठी लग्नाच्या आधी माझ्या बोटात आली आणि लग्नानंतरही आईने ती काढू दिली नाही. स्पेनला डायव्हिंगसाठी निघताना मात्र मी ती काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली. पाण्यात बोटं आक्रसतात, अंगठी गळून पडली तर आईला काय सांगणार?

बार्सिलोनाहून बसने लेस्तार्तित या समुद्रकाठच्या गावी पोचलो. फ्रान्सच्या सरहद्दीपर्यंत जाणाऱ्या या खडकाळ किनाऱ्याला 1908 मध्ये फेर्रान आगुयो या पत्रकाराने ‘कोस्ता ब्रावा’ म्हटलं, म्हणजे रांगडा किनारा. लेस्तार्तितची पुळण मात्र चांगली लांबरुंद आणि सपाट आहे, आणि समोर किलोमीटरभरावर मेदेसची सात बेटं. त्यातल्या मोठ्या बेटावर दीपगृह आहे.

हॉटेलातल्या काकूंना मी सवयीने विचारलं, "ओहोटी किती वाजता?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाहीच, वीतभर पाणी वरखाली झालं तर झालं. मालवणात लहानाची मोठी झालेल्या बाईला हे पचायला दोन दिवस लागले.

पहिल्या दिवशी डायव्ह रद्द. उत्तरेकडून त्रामोंताना सुटला होता, हा इथला कुप्रसिद्ध वारा, आणि तो वाहतो तेव्हा बोटी धक्क्यालाच. मग आम्ही कालेया दे पालाफ्रुजेल ते याफ्रांक ही कड्यावरची पायवाट चाललो. पूर्वी चोरटा माल पकडायला पहारेकरी याच वाटेवरून गस्त घालायचे. खाली एका चिंचोळ्या पुळणीवर काळपट पानांचा ढीग साचला होता. नवरा म्हणाला, "काय घाण ठेवलीय!" ती घाण नव्हे, पोसिडोनिया. शेवाळासारखं दिसतं, पण हे खरं फुलंफळं धरणारं गवत आहे, समुद्राच्या तळाशी त्याची कुरणंच्या कुरणं असतात. गळून किनाऱ्याला लागलेली पानं लाटांचा मारा अंगावर घेतात, म्हणून वाळू टिकते. नवऱ्याने चप्पल काढून त्यावर पाय ठेवला. गादीसारखं लागतं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी समुद्र निवळला. 1983 पासून मेदेसभोवती मासेमारी बंद आहे, आणि किती डायव्हर उतरायचे यालाही मर्यादा आहे. त्याचा परिणाम पाण्यात डोकं घालताच कळतो. दहाएक मीटरवर एक गोबरा माझ्यासमोर येऊन थांबला, चांगला मीटरभर लांब, खालचा ओठ पुढे काढलेला, वाड्यातल्या रागीट काकांसारखा. आपल्याकडे गोबरा म्हटलं की आधी तवा आठवतो, म्हणून मला जरा ओशाळल्यासारखं झालं. हे मासे मादी म्हणून वाढतात, मोठेपणी त्यांतले काही नर होतात. त्याअर्थी हे काका एके काळी काकू असणार.

तिथून खाली पाणी एकदम गार झालं, जणू कुणी माठात ढकललं. कडा निळा-करडा दिसत होता. पाणी लाल रंग आधी गिळतं, त्यामुळे एवढ्या खोलीवर सगळं राखेच्या रंगाचं. गाईड एका कपारीपाशी थांबली, मला हाताने खूण केली आणि छताकडे टॉर्च मारला.

लाल! कपारीच्या छताला उलटी लटकलेली बोटबोटभर झुडपं, कुंकवाच्या करंड्यासारखी लाल, आणि प्रत्येक फांदीवर पांढरी फुलं. फुलं नव्हेत ती, तो जिवंत प्राणी, आठ पाकळ्यांसारख्या आठ सोंडा पसरून पाण्यातलं खाणं टिपणारा. माझा एक बुडबुडा वर गेला, तशी जवळची दोन-तीन फुलं मिटली. गाईडने टॉर्च हलवला की पुन्हा सगळं काळं.

पोवळ्याची फांदी वर्षाला मिलिमीटरभरही जाड होत नाही. म्हणजे आजीच्या अंगठीतला वाटाण्याएवढा मणी व्हायला किती वर्षं गेली असतील! प्लिनी या रोमन लेखकाने पहिल्या शतकात लिहून ठेवलंय की रोमनांना जसं मोत्याचं कौतुक, तसं भारतीयांना पोवळ्याचं. या समुद्रातलं पोवळं तेव्हापासून आपल्याकडे येतंय. आपल्या मंगळाच्या धाकाने इथल्या किती कपारी रिकाम्या झाल्या, कोण जाणे.

आता वेगळंच संकट आहे. लेस्तार्तितचे हवामान-निरीक्षक जुसेप पास्कुअल 1974 पासून खोल पाण्याचं तापमान मोजत आले आहेत, आणि पाणी तापत चाललंय. बाहेरच्या कड्यावरचे जांभळे सागरी पंखे, म्हणजे पोवळ्याचेच पंख्यासारखे पसरलेले भाऊबंद, काही ठिकाणी अर्धे मेलेले होते, नुसत्या काड्या उरलेल्या, त्यांवर शेवाळ चढलेलं.

रात्री भातावर सुकेत, म्हणजे इथलं माशाचं कालवण, खाऊन आईला व्हिडिओ कॉल केला. सगळं सांगितलं, अंगठी स्क्रीनजवळ धरून दाखवली.

"मग आणलंस का एखादं?" आईने विचारलं.

"आणायचं नसतं गं. नुसतं बघायचं."

"अगं, तुझ्या धाकट्या बहिणीलाही मंगळ आहे," ती म्हणाली, आणि भाजी करपतेय म्हणून उठून गेली.