चारही चाकं वर, नाहीतर गाडी हलवू नका

माझी गाडी ऑटोमॅटिक, कायम चारही चाकांना ताकद देणारी. इंजिन बंद पडलं, मदतीला फोन केला आणि तासाभरात क्रेन आलीसुद्धा. पण कसली? पुढची चाकं उचलून मागची रस्त्यावर फिरत नेणारी. 'फोर-व्हील-ड्राइव्ह आहे' हे मी फोनवर दोनदा सांगितलं होतं. त्यांच्याकडे नोंद झाली नुसती 'मोठी गाडी'.

क्रेनवाला म्हणाला, "न्यूट्रलला टाका साहेब, काही होत नाही. रोज नेतो."

होतं! पुढची चाकं स्थिर आणि मागची फिरती, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या मधल्या डिफरन्शियलवर सगळा ताण. त्यात व्हिस्कस कपलिंग (घट्ट द्रवातून दोन्ही बाजू जोडणारा भाग) असेल तर ते दोन्हींचा वेग जुळवायला धडपडतं, तापतं आणि निकामी होतं. शिवाय बहुतेक ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये ऑइल पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद, पण चाकांमुळे आतले भाग फिरतायत, म्हणजे ते कोरडेच घासणार. न्यूट्रलने यातलं काहीच टळत नाही.

मी नाही म्हटलं आणि खरी रखडपट्टी सुरू झाली. प्रत्येक फोनला नवा माणूस, पहिल्यापासून तीच कहाणी. "आमच्या माणसाने नकार दिलेला नाही, तुम्हीच दिलाय," हे वाक्य तीनदा ऐकलं. शेवटी डॅशबोर्डच्या कप्प्यातून गाडीचं पुस्तक काढलं. टोइंगच्या पानावर चित्रच होतं: पुढची चाकं उचललेली गाडी आणि तिच्यावर ठळक फुली. त्या पानाचा फोटो पाठवला तेव्हा कुठे फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा सपाट ट्रक, निघाला. एकूण चार तास गेले. तरी अडून बसलो याचं मला आजही समाधान आहे.

म्हणून पहिल्याच फोनवर 'फ्लॅटबेडच पाठवा' म्हणा, आणि त्यांनी ते लिहून घेतलंय का ते विचारा. फ्लॅटबेड मिळतच नसेल तर मागच्या चाकांखाली ट्रॉली लावून चारही चाकं उचलता येतात. ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद पाठवणाऱ्या गिअरच्या डब्याला) न्यूट्रल असलेल्या काही गाड्या चार चाकांवर ओढता येतात, पण पुस्तकात तसं लिहिलं असेल तरच.

हो, एक राहिलंच. बॅटरी उतरली असेल तर गिअर पार्कमधून निघत नाही. माझ्या गाडीत लिव्हरशेजारी छोटं झाकण आहे. त्याखालची कळ दाबून तो सुटला. नाहीतर विंचने, म्हणजे ट्रकवरच्या तारेने ओढून, चढवताना चाकं अडकलेलीच राहिली असती. वर चढल्यावर पट्टे चाकांनाच बांधून घेतले, चाकं फिरवणाऱ्या शाफ्टला कशाचाही स्पर्श होऊ दिला नाही.